खोक्यावरचा आकडा आणि पेटीतली फिल्म

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात आजोबांनी आणि नंतर वडिलांनी काढलेल्या फिल्मची एक पेटी आहे. त्यात ३५ मिमीच्या रंगीत निगेटिव्हच्या साधारण १२०० फ्रेम, माउंट केलेल्या ३०० स्लाइड आणि कागदी पाकिटांतल्या मोठ्या आकाराच्या थोड्या जुन्या कृष्णधवल निगेटिव्ह आहेत. हे सगळं घरीच डिजिटल करायचं आहे. ७२०० डीपीआयचा फिल्म स्कॅनर घ्यावा, ६४०० डीपीआयचा फ्लॅटबेड (कागद काचेवर ठेवून स्कॅन करायचा, झाकणात फिल्मसाठी दिवा असलेला सपाट स्कॅनर) घ्यावा, की पडदा असलेला आणि दोन सेकंदांत फोटो देणारा तो लहान डबा घ्यावा? कशाचं रिझोल्यूशन पुरेसं आहे?

मी बरीच वर्षं इतरांच्या आणि स्वतःच्या फिल्म स्कॅन करत आले आहे, आणि पहिली विनंती हीच करते की डीपीआयचा आकडा जरा वेळ बाजूला ठेवा आणि पेटी उघडा. आत कोणत्या आकाराची, कोणत्या प्रकारची आणि किती फिल्म आहे, यावरून यंत्र ठरतं. खोक्यावरच्या आकड्यावरून निवड केली की ती बहुतेक वेळा फसते.

तरीही आकड्याचं आधी उरकू, कारण तुमचा प्रश्न त्यावरच अडला आहे. खोक्यावर छापलेला डीपीआय म्हणजे स्कॅनर एका इंचात किती नमुने घेतो ती संख्या. त्या नमुन्यांत खरा तपशील किती उतरला, ते लेन्स, फोकस आणि मधली काच यांवर ठरतं. १९५१ सालचा एक चाचणी-तक्ता असतो, बारीक होत जाणाऱ्या रेषांचा. तो स्कॅन केला की कुठल्या रेषेपर्यंत यंत्राला दोन रेषा वेगळ्या दिसतात ते कळतं. अशा मोजणीत एप्सन व्ही ६०० हा फ्लॅटबेड ६४०० लिहिलेला असूनही सुमारे १५०० ते १६०० च्या आसपास थांबतो. त्याच कंपनीचा वरच्या वर्गातला व्ही ८५० सुमारे २३०० पर्यंत जातो. प्लस्टेकच्या ऑप्टिकफिल्म ८२००आय वर ७२०० लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात सव्वातीन हजारांच्या आसपास मिळतात. निकॉनच्या कूलस्कॅन मालिकेतल्या वरच्या फिल्म स्कॅनरवर ४००० लिहिलेलं असे आणि जवळजवळ तेवढंच मिळे. म्हणजे ६४०० चं यंत्र ४००० च्या यंत्रापेक्षा खूपच कमी तपशील देतं.

मग तुम्हाला लागतं किती? ३५ मिमीची फ्रेम ३६ बाय २४ मिमी असते. तिचा ८ बाय १२ इंची चांगला प्रिंट करायचा तर सुमारे २५०० खरे डीपीआय लागतात. हातात कॅमेरा धरून, साध्या लेन्सने, आयएसओ ४०० च्या (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) फिल्मवर काढलेल्या घरगुती फोटोत ३००० च्या पुढे बहुधा फिल्मचा दाणाच मोठा होत जातो, चेहऱ्यातलं नवीन काही निघत नाही. ट्रायपॉडवरून कमी आयएसओच्या स्लाइड फिल्मवर काढलेल्या फोटोचं वेगळं, तिथे ४००० सुद्धा कामी येतात. तुमच्या पेटीत असे फोटो किती असतील, ते तुम्हीच सांगू शकाल.

७२०० लिहिलेल्या यंत्रावर सगळं ७२०० वर स्कॅन करायचा मोह होतो. एक फ्रेम जवळपास ७ कोटी पिक्सेलची होते, आणि १६ बिटच्या टिफमध्ये (तपशील न गाळणाऱ्या फाइलमध्ये) ४०० एमबीच्या वर जाते. ३६०० वर तीच फाइल १०० एमबीच्या आसपास राहते. हे खरं आहे की प्लस्टेकसारख्या यंत्राकडून त्याचा पूर्ण तपशील काढायचा तर ७२०० वर स्कॅन करून नंतर फाइल निम्मी करावी लागते. निवडक पन्नास फ्रेमसाठी ते जरूर करा. बाकीच्या ३६०० वर ठेवा.

मोठ्या निगेटिव्हचं गणित एकदम बदलतं. १२० नावाच्या रुंद फिल्मवरची चौकोनी फ्रेम सुमारे ५६ मिमी असते. २३०० खऱ्या डीपीआयवरही तिच्यातून अडीच कोटी पिक्सेल मिळतात आणि १७ इंची प्रिंट निघतो. म्हणून जो फ्लॅटबेड ३५ मिमीला तोकडा पडतो, तोच मोठ्या फिल्मला पुरून उरतो. पण घेण्याआधी झाकणातला दिवा किती रुंद आहे ते बघा. फिल्म स्कॅन होते ती फक्त त्या दिव्याखाली. व्ही ६०० च्या झाकणात उजेडाची एक अरुंद पट्टी आहे, १२० ची फिल्म तिच्यात बसते, पण ४ बाय ५ इंची निगेटिव्ह बसत नाही. तुमच्या पाकिटांतल्या निगेटिव्ह पट्टीने मोजा आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवा. खरेदीच्या वेळी खोक्यावरच्या आकड्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

आता मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचं आहे, ती गोष्ट म्हणजे धूळ. नवखा माणूस रिझोल्यूशनची काळजी करतो आणि महिनाभराने धुळीपुढे हात टेकतो. तीस-चाळीस वर्षं पाकिटात राहिलेल्या निगेटिव्हवर फुंकणीने न उडणारे कण, बोटांचे ठसे आणि बारीक ओरखडे असतातच. निगेटिव्हचे रंग उलटवल्यावर धुळीचा प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन चेहऱ्यावर बसतो. एका फ्रेमचे ठिपके हाताने पुसायला चार मिनिटं धरली, तर १२०० फ्रेमना ८० तास लागतात.

यावरचा खरा उपाय म्हणजे इन्फ्रारेड. काही स्कॅनर लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाबरोबर चौथी फेरी इन्फ्रारेडची घेतात. रंगीत फिल्ममधल्या रंगद्रव्यांतून इन्फ्रारेड जवळपास आरपार जातं, पण धूळ आणि ओरखडा त्याला अडवतात. म्हणजे त्या चौथ्या फेरीत चित्र पुसट होतं आणि नुसत्या डागांचा नकाशा उरतो. सॉफ्टवेअर त्या नकाशावरून फक्त तेवढ्या जागा आजूबाजूच्या रंगाने भरतं. डिजिटल आइस नावाने हे तंत्र ओळखलं जातं, इतर नावंही आहेत. फोटोतली धूळ अंदाजाने ओळखणारं नुसतं सॉफ्टवेअर याच्या जवळपासही येत नाही, कारण त्याला डोळ्यातली चमक आणि धुळीचा कण यांतला फरक कळत नाही. प्लस्टेकच्या नावांत शेवटी ‘आय’ असतो तो इन्फ्रारेडचा. ८१०० आणि ८२००आय यांत मुख्य फरक तोच आहे, आणि तुमच्या १२०० रंगीत फ्रेमसाठी त्या एका अक्षराचे जास्तीचे पैसे मी डोळे झाकून देईन.

पण ते सगळीकडे चालत नाही, हे मी स्वतः नुकसान सोसून शिकले. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाच्या कृष्णधवल निगेटिव्ह मी इन्फ्रारेड चालू ठेवूनच स्कॅन केल्या. स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरच्या लहान खिडकीत सगळं स्वच्छ दिसत होतं. घरी गेल्यावर फाइल पूर्ण आकारात उघडली तेव्हा भुवया आणि पापण्या मेणासारख्या वितळलेल्या होत्या. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेडला धुळीसारखीच अडवते. यंत्राला सगळा चेहराच डाग वाटला होता. ते सगळे रोल मला पुन्हा स्कॅन करावे लागले. तुमच्या पाकिटांतल्या जुन्या निगेटिव्हला इन्फ्रारेड बंदच ठेवायचं. अपवाद फक्त इलफर्ड एक्सपी २ सारख्या कृष्णधवल फिल्मचा, ज्या रंगीत फिल्मच्याच रसायनांत डेव्हलप होतात आणि ज्यांत शेवटी चांदी उरत नाही. फिल्मच्या कडेला नाव छापलेलं असतं, ते भिंगातून वाचा.

दुसरी अडचण कोडाक्रोम स्लाइडची. ही फिल्म १९३५ मध्ये आली, २००९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं आणि २०१० च्या शेवटी ती डेव्हलप करणारी अमेरिकेतली शेवटची प्रयोगशाळाही ते काम घेईनाशी झाली. तिच्या रंगद्रव्यांतून इन्फ्रारेड पूर्ण पार होत नाही, त्यामुळे गडद भागात साध्या आइसने तपशील खाल्ला जाऊ शकतो. निकॉनच्या कूलस्कॅन ९००० मध्ये यासाठी वेगळी व्यवस्था होती, काही सॉफ्टवेअरमध्येही कोडाक्रोमसाठी वेगळा पर्याय असतो. माउंटवर नाव नसेल तर स्लाइड तिरप्या उजेडात धरा. कोडाक्रोमच्या मंद बाजूवर चित्र किंचित उठावात कोरल्यासारखं दिसतं. ओळख झाली की त्या स्लाइड वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा, कारण साध्या सेटिंगवर त्या निळसरही येतात.

स्लाइडबद्दल आणखी एक आकडा तुमच्या नजरेला पडेल: डीमॅक्स, म्हणजे यंत्र किती घनतेपर्यंत पाहू शकतं. घनता १ म्हणजे उजेडाचा दहावा भाग पलीकडे जातो, २ म्हणजे शंभरावा, ३ म्हणजे हजारावा. चांगल्या स्लाइडमधला काळा रंग साडेतीनच्या पुढे जातो, निगेटिव्ह सहसा ३ च्या आत राहते. म्हणून दुबळा स्कॅनर निगेटिव्हला चालून जातो आणि स्लाइडमधल्या काळ्या केसांत, सावलीत रंगीत खरखर आणि पट्टे दाखवतो. निगेटिव्हमध्ये हीच खरखर आली तर ती आकाशात येते, कारण तिथे उजळ आकाशच सर्वांत दाट असतं. खोक्यावरचा डीमॅक्स मी कधीच प्रमाण मानत नाही. अंधारात काढलेली एक स्लाइड घालून बघते. एकाच फ्रेमच्या कमी-जास्त उजेडाच्या दोन फेऱ्या घेऊन जोडणारा पर्याय असेल तर स्लाइडला तो वापरावा, वेळ दुप्पट लागला तरी.

फिल्म सपाट राहणं हा भाग कुठल्याच जाहिरातीत नसतो. गुंडाळून ठेवलेली पट्टी होल्डरमध्ये, म्हणजे फिल्म धरणाऱ्या चौकटीत, कमानीसारखी उचलते आणि मध्यभाग फोकसबाहेर जातो. फ्लॅटबेडचा फोकस ठरलेल्या उंचीवर असतो, म्हणून ज्याच्या होल्डरची उंची खालीवर करता येते तोच घ्यावा. मग एकच फ्रेम सगळ्या उंचींवर स्कॅन करून सर्वांत टोकदार कुठली ते एकदा ठरवून टाकावं. फिल्म सरळ काचेवर टाकली तर चमकदार बाजू काचेला चिकटते आणि इंद्रधनुषी कडी उमटतात, त्यांना न्यूटनची वलयं म्हणतात. त्यासाठी खरबरीत केलेली खास काच मिळते, व्ही ८५० च्या होल्डरमध्येही वलयं टाळणारा तसा पारदर्शक भाग असतोच. वाकड्या पट्ट्या मी आधी जाड पुस्तकांच्या दाबाखाली स्वच्छ पाकिटात आठवडाभर ठेवते. त्याने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या होल्डरनेही पडत नाही. काचेच्या माउंटमधल्या स्लाइड शक्यतो काचेतून काढूनच स्कॅन कराव्या, नाहीतर धुळीसाठी आणखी चार पृष्ठभाग तयार होतात.

वापरलेला कूलस्कॅन मिळाला तर घ्यावा का, असं पुष्कळजण विचारतात. यंत्रं उत्तमच होती. आपोआप फोकस, खरा तपशील, चांगलं इन्फ्रारेड. पण ती कित्येक वर्षांपूर्वी बंद झाली, त्यांचं मूळ सॉफ्टवेअर नव्या संगणकांवर सहजी चालत नाही. व्ह्यूस्कॅन किंवा सिल्व्हरफास्ट ही दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं घेऊन ती चालवता येतात, ८००० आणि ९००० ला फायरवायर ही जुन्या प्रकारची जोडणीही लागते. आतल्या आरशावर वर्षानुवर्षांची धूळ बसली की काळ्या भागाशेजारच्या उजळ कडेभोवती धुकं दिसू लागतं. विकत घेण्यापूर्वी काळ्या माउंटच्या कडेलगत पांढरं आकाश असलेली स्लाइड त्यात स्कॅन करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तो पडदा असलेला लहान डबा म्हणजे आत ठेवलेला एक साधा कॅमेरा आणि मागे दिवा. तो जेपेग देतो, उजेड स्वतः ठरवतो, फ्रेमच्या कडा कापतो आणि इन्फ्रारेड त्यात नसतं. पेटीत काय आहे याची यादी करायला तो चांगला आहे. तेवढ्यासाठी कुणाचा तरी चार दिवस मागून आणा. आजोबांच्या फोटोंची कायमची प्रत त्याच्यावर अवलंबून ठेवू नका.

चौथा मार्ग तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्याकडे अदलाबदलीच्या लेन्सचा डिजिटल कॅमेरा असेल तर तो गंभीरपणे विचारात घ्या. मॅक्रो लेन्सने फिल्मचाच फोटो काढायचा. फुलफ्रेम (३५ मिमीच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेला) २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एकास एक प्रमाणात ३६ मिमीवर ६००० पिक्सेल ठेवतो, म्हणजे कागदावर ४२०० डीपीआयच्या वर. सेन्सरवरच्या रंगीत गाळणीमुळे खरा तपशील त्याहून थोडा कमी येतो, पण फ्लॅटबेडला तो सहज मागे टाकतो. वेग तर विलक्षण आहे, मांडणी एकदा जमली की दहा सेकंदांत एक फ्रेम.

त्या मांडणीतच सगळं आहे. फिल्ममागचं दिव्याचं पॅनल सीआरआय (उजेड रंग किती खरे दाखवतो याचं १०० पैकीचं माप) ९५ किंवा वरचं असावं, मोबाइलचा पडदा नको, कारण त्याचे पिक्सेल फोटोत उमटतात. पॅनल आणि फिल्म यांत थोडं अंतर ठेवावं. खोली अंधारी असावी आणि फिल्मभोवतीचा मोकळा उजेड काळ्या कागदाने झाकावा, नाहीतर सगळा फोटो फिका पडतो. कॅमेरा आणि फिल्म समांतर आहेत का ते बघायला फिल्मच्या जागी लहान आरसा ठेवा. कॅमेऱ्यातून बघताना लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की झालं. लेन्सचं छिद्र एफ ८ च्या आसपास, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल, आणि एका रोलला एकच एक्स्पोझर.

रंगीत निगेटिव्हचा नारिंगी रंग इथे नव्या माणसाला त्रास देतो. तो नुसता वरून दिलेला रंग नसतो. फिल्ममधली निळसर आणि किरमिजी रंगद्रव्यं नको तो उजेडही थोडा शोषतात, आणि ती चूक भरून काढण्यासाठी हा मुखवटा फिल्ममध्येच घडवलेला असतो. म्हणून फोटोचे रंग नुसते उलटवले की निळा-हिरवा गोंधळ दिसतो. दोन फ्रेममधल्या कोऱ्या जागेवरून व्हाइट बॅलन्स घेऊन मग उलटवला की रंग पुष्कळ ताळ्यावर येतात. निगेटिव्ह लॅब प्रोसारखी सॉफ्टवेअरं हेच काम नीट करतात. कॅमेऱ्याच्या मार्गात इन्फ्रारेड मात्र नाही, आणि धुळीचे ते ८० तास तुमच्याच वाट्याला येतात.

तर तुमच्या पेटीसाठी माझा सल्ला असा. १२०० रंगीत निगेटिव्ह आणि ३०० स्लाइड, सगळं ३५ मिमी: इन्फ्रारेड असलेला ३५ मिमीचा फिल्म स्कॅनर घ्या. एका फ्रेमला लावण्या-काढण्यासकट तीन मिनिटं धरली तर १५०० फ्रेमना ७५ तास होतात, रोज दोन तास बसलात तर पाच-सहा आठवडे. हे आधीच मान्य करून बसा. मोठ्या कृष्णधवल निगेटिव्ह पंचवीस-तीसच असतील तर त्यांच्यासाठी दुसरं यंत्र घेऊ नका. कॅमेऱ्याने उतरवा किंवा एखाद्या चांगल्या लॅबकडून करून घ्या. त्या दोनशेच्या वर निघाल्या तर मात्र मी निर्णय फिरवेन: वरच्या वर्गातला फ्लॅटबेड घ्या, सगळी पेटी त्यावर काढा, आणि ३५ मिमीतल्या उत्तम पन्नास-साठ फ्रेम नंतर चांगल्या फिल्म स्कॅनरवर बाहेरून करून आणा. घरातल्या अल्बमसाठी आणि पडद्यावर बघण्यासाठी २३०० खरे डीपीआय पुरतात.

यंत्र येण्याची वाट बघताना एक काम मात्र आजच करा. प्रत्येक पाकीट उघडून वास घ्या. आंबट, शिरक्यासारखा वास आला तर ती ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे. ती आकसते, वाकते, वरचा थर सुटतो, आणि तिची वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते. अशी पाकिटं वेगळी काढून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि स्कॅनिंगची सुरुवात त्यांच्यापासूनच करा. जाळीसारखी बुरशी दिसली तर पाणी किंवा पाणी असलेलं कुठलंही द्रव लावू नका. बुरशीने जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगं झालेलं असतं, आणि पुसताना चित्रच निघून येतं. फुंकणी आणि मऊ ब्रश, हातात सुती मोजे, एवढंच पुरे.

आणि यंत्र आलं की पहिल्याच दिवशी तीन फ्रेम स्कॅन करा: सर्वांत काळोखी स्लाइड, मोठं आकाश असलेलं एक रंगीत निगेटिव्ह आणि सर्वांत वाकलेली एक पट्टी. शार्पनिंग आणि आपोआप कॉन्ट्रास्ट बंद ठेवून तिन्ही पूर्ण आकारात उघडा. स्लाइडच्या काळ्यात उभे पट्टे, आकाशात रंगीत खरखर, किंवा चारपैकी एकच कोपरा सतत मऊ येत असेल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी ते यंत्र बदलून घ्या.